‘होय’चा अभ्यास

ओव्हाळबाई गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेची पहिली घंटा होऊन गेली होती. सुट्टी द्यावी की नाही, यावर स्टाफरूममध्ये थोडी चर्चा झाली. माजी मुख्याध्यापक वारले की अर्ध्या दिवसाने शाळा सोडायची, ही आमच्याकडची रीत. शिपाई घंटेपाशी जाऊन उभाही राहिला होता. शेवटी आताचे मुख्याध्यापक जाधव सर म्हणाले, “सुट्टी दिली, आणि बाईंनी तिकडून विचारलं, ‘कावून?’ तर काय सांगायचं?”

शिपाई घंटेपासून परत फिरला. शाळा शेवटच्या तासापर्यंत भरली. मी नववीला समास शिकवले. दोन मुली रडत होत्या, पण रडता रडता वहीत उतरवूनही घेत होत्या. शाळा सुटल्यावर आम्ही सगळे पायीच बाईंच्या घरी गेलो. अंत्यविधी संध्याकाळी होता.

नंतरच्या शोकसभेत बहुतेकांनी सांगितलं की बाई फार प्रेमळ होत्या. मला ते पटलं नाही. पण सभेत उठून बोलणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून हे लिहिते आहे, तेही हळूहळू, जमेल तसं. प्रेमळपणा बाईंच्यात होता, पण तो पहिल्या भेटीत दिसायचा नाही. पहिल्या भेटीत दिसायचे ते त्यांचे बूट.

काळ्या कॅनव्हासचे, पांढऱ्या रबरी तळव्याचे, मुलं कवायतीला घालतात तसले. इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि साडीच्या काठाखाली ते बूट. मी शाळेत नवीन लागले तेव्हा एकदा धीर करून म्हटलं, “बाई, लोक हसतात हो.”

“हसू दे. हसणाराला दिसतात, पण कॉपी करणाराला ऐकू येत न्हाईत.”

त्या भूगोल शिकवायच्या. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना खडू एकदाही उचलायच्या नाहीत. गोंदियाच्या टोकाला सुरुवात करून पुन्हा गोंदियाला यायच्या, आणि मग हात झटकून मुलांना विचारायच्या, “आता आपण कुठं हाव?” मुलांनी पुढे येऊन बीडवर बोट ठेवायचं. बोट नगर जिल्ह्यात पडलं तर म्हणायच्या, “लई लांब गेलास. जेवायला येशील का घरी?”

धडा शिकवताना त्यांची भाषा पुस्तकाची असायची, आणि धडा थांबला की गावची. दोन्ही भाषांत एक शब्द मात्र कायम, ‘कावून’, म्हणजे का. उशीर झाला, कावून? गृहपाठ केला नाही, कावून? पाऊण तास आधी आलास, कावून? तक्रार घेऊन आलेल्याला त्या हाच प्रश्न विचारायच्या आणि कौतुक करायला आलेल्यालाही. समोरच्याचं सगळं सांगून झालं की दोनच शब्द म्हणायच्या, “बरं, पुढं?” रागावलेला माणूस त्या दोन शब्दांपाशी आला की त्याचा राग एकदम पोरका व्हायचा.

आमची शाळा बीडहून येताना चौसाळ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आहे. संस्था खाजगी, अनुदानित. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब. त्यांच्या वडिलांनी शाळा काढली, तेव्हा जमीनही त्यांचीच दिलेली. नानासाहेब वाईट माणूस नव्हते. शाळेला बोअर पाडून दिला, खोल्या बांधल्या, परगावच्या शिक्षकांना घरं मिळवून दिली. फक्त त्यांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती, आणि ती सवय लावायला कुणी कधी गेलंही नव्हतं.

जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा सेवाज्येष्ठतेने बाईंचा नंबर होता. त्यांच्यानंतर जाधव सर, पण ते पुष्कळ मागे होते. जाधव सर हे नानासाहेबांचे भाचे. नानासाहेब म्हणाले, “आपल्या संस्थेत मुख्याध्यापकाला शालेय व्यवस्थापनाची पदविका लागते. तसा ठरावच आहे.” हा ठराव त्याआधी कुणी ऐकला नव्हता. जाधव सरांकडे ती पदविका होती. बाईंकडे नव्हती. शिक्षण खात्याकडून विचारणा होऊ नये म्हणून बाईंना ‘प्रभारी’ केलं गेलं.

प्रभारी म्हणजे काय, हे ज्याने ती जागा भोगली आहे त्यालाच कळतं. मुख्याध्यापकाचं सगळं काम करायचं आणि मुख्याध्यापक नसायचं. सहीखाली प्रभारी, शिक्क्यात प्रभारी, ध्वजवंदनाच्या पत्रिकेत प्रभारी. हळूहळू लोक त्यांना ‘प्रभारी मॅडम’च म्हणू लागले. गावातला एक म्हातारा तर त्यांना ‘प्रभारताई’ म्हणायचा; त्याला ते त्यांचं नाव वाटायचं.

बैठक असली की आम्ही नानासाहेबांच्या घरी जायचो. चहा यायचा. सगळ्यांना कपबशी यायची आणि बाईंना कागदी कप. आणणाऱ्या माणसाची ती जुनी सवय असावी. नानासाहेबांनी तसं सांगितलं नसेल, पण थांबवलंही नव्हतं. बाईंच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. नानासाहेबांच्या घरात ती गोष्ट कुणी काढत नसे. कागदी कप न चुकता यायचा. बाई चहा पूर्ण प्यायच्या, कप चुरगाळून पिशवीत टाकायच्या आणि म्हणायच्या, “बरं, पुढं?”

एक दिवस मधल्या सुट्टीत त्या माझ्यापाशी आल्या. “वर्षा, मुक्त विद्यापीठाची ती पदविका हाय ना, तिचा अर्ज भरायचाय. तू बी भर.”

“मी कशाला बाई? मला कुठे मुख्याध्यापक व्हायचंय?”

“व्हायचं न्हाई म्हणून नको शिकू का? आन् रविवारचं बीडला जायचं, एकटीनं काय तोंड बंद करून बसायचं?”

अशी मी त्यांची सोबतीण झाले. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे, माझं त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. दर रविवारी सकाळी काळीपिवळी जीपमध्ये बसायचं, मांजरसुंब्याचा घाट उतरायचा, पालीजवळ धरणाचं पाणी दिसलं की बाईंनी पुस्तक मिटायचं आणि मला प्रश्न विचारायचे. त्यांचे पती, आम्ही त्यांना ओव्हाळकाका म्हणायचो, गावात शिलाईचं दुकान चालवायचे. रविवारचा स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला होता. जीपपाशी डबा आणून द्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “आमच्या घरात कॉलेजकुमारी हाय. डबा वेळेवर लागतो.”

“भाकरी जळलेली नसंल तर खाती,” बाई म्हणायच्या.

“कॉलेजच्या कॅन्टीनला काय सोन्याच्या भाकरी मिळत्यात?”

अभ्यासात बाई वाकबगार नव्हत्या. पाठांतर होत नव्हतं. नेतृत्वाचे तीन प्रकार त्यांच्या डोक्यात राहायचे नाहीत: हुकूमशाही, लोकशाही आणि निर्हस्तक्षेपी, म्हणजे कशात हात न घालणारं. मग त्यांनी आपली युक्ती काढली. प्रत्येक प्रकाराला गावातला एक माणूस लावून दिला. “नानासाहेब कशात बसवायचे?” मी विचारलं. त्या घाट संपेपर्यंत विचार करत होत्या. मग म्हणाल्या, “दोन्हीत. हुकूम देताना पहिल्यात, आन् दिल्यावर वर्षभर फिरकत न्हाईत म्हणून तिसऱ्यात. मधलं तेवढं रिकामं.” जीपमधले अनोळखी लोकही हसले.

पदविकेसाठी एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. बाईंनी विषय घेतला, पालकसभेला पालक का येत नाहीत. आमच्या शाळेचंच दुखणं होतं ते. सभा असली की खुर्च्या मांडायच्या, सतरंज्या घालायच्या, आणि आठ-दहा पालक यायचे. त्यातले निम्मे रस्ता चुकल्यासारखे दारातच उभे.

बाईंनी प्रश्नावली तयार केली. छापील, नीटनेटकी, समोर ‘होय’ आणि ‘नाही’चे चौकोन. भाषा पुस्तकातली. ‘आपण पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीबाबत जागरूक आहात काय?’ ‘आपण पालकसभेस नियमित उपस्थित राहता काय?’ ‘शाळेच्या कामकाजाबाबत आपण समाधानी आहात काय?’ ‘शाळेच्या कामकाजाबाबत आपल्या काही तक्रारी आहेत काय?’ मुलांच्या दप्तरातून कागद घरोघर गेले आणि दोन दिवसांत परत आले. बाई खूश होत्या. म्हणाल्या, “बघ, लोक आपल्याला किती मानतात.”

मग त्या मोजायला बसल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. सगळ्यांनी सगळीकडे ‘होय’ केलं होतं. जागरूक आहात? होय. सभेला येता? होय. समाधानी आहात? होय. तक्रारी आहेत? होय.

तरीही त्या ते गठ्ठे बांधून बीडला घेऊन गेल्या. मार्गदर्शक सरांनी वरचे काही कागद पाहिले, मग मधले, मग खालचे. चष्मा काढून म्हणाले, “बाई, तुमचं वय बघता मी स्पष्ट बोलायला नको. पण हे तुम्ही घरी बसून भरलंय.”

“न्हाई सर.”

“सगळे पालक समाधानीही आहेत आणि सगळ्यांच्या तक्रारीही आहेत? असं कुठे असतं? हे मी पुढे पाठवू शकत नाही.”

बाईंनी गठ्ठे पुन्हा बांधले. जीपमध्ये पुस्तक उघडलं नाही. पाली मागे पडली, घाट चढून झाला. यंदा प्रबंध गेला नाही तर पदविका मिळणार नव्हती. पदविका मिळाली नाही तर जूनमध्ये जाधव सर कायम होणार, हे नानासाहेबांनी आडून आडून सांगूनच ठेवलं होतं. बाईंना मग प्रभारीपणही सोडून पुन्हा नुसत्या भूगोलावर यावं लागलं असतं. पण त्या दिवशी त्यांना ते लागलं नव्हतं. शाळेपाशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, “मी खोटं लिहिलं म्हणतो, वर्षा. खोटं.” आणि लगेच, जणू मी दुसरीच कुणी आहे असं माझ्याकडे बघून, “पण सगळी होय कावून म्हणाली?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन शेषाबाईंच्या घरी गेल्या. शेषाबाईंचा मुलगा आठवीत होता. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आधी मुलाच्या नावाने हाक मारली, त्याने काहीतरी केलं असणार अशा खात्रीने.

“त्यानं काय केलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “मी तुमच्याकडं आले. तुमी सभेला येता का?”

“येती की.”

“कवा आल्ता?”

“न्हाई आले कदी.”

“आवो, मग कागदावर होय कावून केलं?”

शेषाबाईंनी बाईंकडे असं पाहिलं की एवढी शिकलेली बाई असं काय विचारते. “तुमी मास्तरीण. कागद तुमचा. त्याच्यावर न्हाई लिव्हायचं? पोरगं तुमच्या हाताखाली हाय.”

“आन् तक्रार हाय का, त्याला बी होय?”

“त्ये काय होतं मला म्हाईत न्हाई. पोरगं वाचत गेलं, मी होय म्हणत गेले.”

बाई पायरीवर बसल्या, सूप ओढून घेतलं आणि तूर पाखडायला लागल्या. शेषाबाई नको नको म्हणत राहिल्या. थोड्या वेळाने बाई सहज म्हणाल्या, “सभेला यायचं जमत नसंल तुमाला.”

“व्हय ना बाई. कसं जमंल? मंगळवारी दुपारी सभा, तवा मी कामावर.”

“आन् आलं तरी कंटाळाच येत असंल.”

“व्हय. कंटाळा न्हाई, पर…” शेषाबाई थांबल्या. “तुमी लोक सगळ्यांसमोर मार्क वाचता. माझ्या पोराचे वाचले की त्या जगन्नाथाची बायको हसती. मी कावून यावं हसू घ्यायला?”

बाईंचे हात सुपावरच थांबले. मार्क वाचून दाखवायची पद्धत त्यांनीच सुरू केली होती, पालकांना उत्तेजन मिळावं म्हणून.

नंतरचे दोन आठवडे त्या घरोघर हिंडल्या. मी सोबत होते, पण माझं काम ऐकण्याचं. त्यांनी प्रश्न विचारणंच सोडलं. जे खरं असेल असं वाटतं ते अर्धं बोलायचं आणि समोरच्याला ‘व्हय’ म्हणायला जागा ठेवायची. लोक ‘व्हय’ म्हणायचे, आणि त्या ‘व्हय’च्या मागे बाकी सगळं बाहेर यायचं. कुणाला सतरंजीवर बसवून शिक्षक खुर्चीवर बसतात ते लागलेलं होतं, कुणाला वाचता येत नाही हे पोरासमोर कळू द्यायचं नव्हतं.

प्रबंधातून त्यांनी पहिला गठ्ठा काढून टाकला नाही. त्याचं एक स्वतंत्र प्रकरण केलं, ‘माझी फसलेली प्रश्नावली’. मी म्हटलं, “बाई, आपली चूक आपणच छापायची?” म्हणाल्या, “चूक न्हाई ती. तोच तर अभ्यास हाय.” त्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘आमच्या भागात होय हे उत्तर प्रश्नाला नसून विचारणाऱ्याला असते.’ मार्गदर्शक सरांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि प्रबंधावर सही केली. मग उठून बाईंना स्वतःची खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, “जीप जाईल, सर.”

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मोठे विद्वान, कडक म्हणून नाव असलेले. त्यांच्यापुढे महाविद्यालयाने पोह्यांची बशी ठेवली होती. माझी परीक्षा आधी झाली होती, म्हणून मी खोलीतच मागे बसून होते.

“तुमचा हा जो निष्कर्ष आहे, की लोक विचारणाऱ्याला होय म्हणतात,” परीक्षक म्हणाले, “तो ग्रामीण, अशिक्षित समाजापुरता मर्यादित आहे, असं तुम्ही म्हणायला हवं होतं.”

बाईंनी बशीकडे पाहिलं. “सर, पोहे कसे झालेत?”

परीक्षक गोंधळले. महाविद्यालयाचे प्राचार्य शेजारीच बसले होते. “छान आहेत. उत्तम.”

“मग घ्या की. मघापासून एक घास खाऊन ठेवलेत. आमच्याकडं मिरची जरा जास्तच असती.”

प्राचार्यांनी बशीकडे पाहिलं. मग परीक्षकच हसले, इतके की त्यांना ठसका लागला, आणि प्राचार्य पाणी आणायला स्वतः उठले. बाई पास झाल्या. निकाल हातात आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी निकालाचा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “बरं, पुढं?”

पुढे जून होता. शाळा उघडण्याच्या आधी नानासाहेबांनी शाळेतच बैठक घेतली. सगळे शिक्षक, कारकून, शिपाई, आणि दारात काही पालक. नानासाहेबांनी बाईंचं अभिनंदन केलं, हार घातला, त्यांच्या जिद्दीबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, “तर आता शाळेचं बघायचं. आपले जाधव सर तरुण हाईत, दमाचे हाईत. शाळा त्यांच्या हवाली करावी म्हणतो. बरोबर हाय ना?”

खोलीतून एकसुरात ‘हो’ आलं. जाधव सरांचं सगळ्यात आधी. भला माणूस; पण मामांसमोर ‘हो मामा’ याखेरीज दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

बाई उठल्या. गळ्यात हार तसाच होता. “नानासाहेब, एक विनंती करू?”

“करा की.”

“हाच प्रश्न एकदा माझं नाव घालून विचारा.”

नानासाहेब हसले. आपल्याला कुणी अडवणार नाही याची खात्री असली की माणूस उदार होतो. “त्यात काय? विचारतो. मंडळी, शाळा ओव्हाळबाईंच्या हवाली करावी म्हणतो. बरोबर हाय ना?”

सगळ्यांनी जाधव सरांकडे पाहिलं. आणि जाधव सर म्हणाले, “हो मामा.”

मग सगळे म्हणाले. दारातले पालकही म्हणाले, आणि हे ‘हो’ आधीच्यापेक्षा मोठं आलं.

नानासाहेब भाच्याकडे वळले. “आरं, मग मघाशी हो म्हणलास ते?”

“ते बी होच होतं, मामा.”

“आन् हे?”

“हे बी.”

“मग खरं कुठलं बे?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. जाधव सरांच्या कपाळावर घाम आला. उत्तर बाईंनी दिलं.

“त्यांना नका विचारू. दोन्ही होय तुमाला हाईत, नानासाहेब. ना मला, ना सरांना. म्हणून तर नियम असतो. ज्येष्ठता माझी हाय. पदविकेची अट तुमी घातली, ती बी झाली. आता तुमीच सांगा, अजून काय राहिलं?”

या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येत नव्हतं. जे राहिलं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तोंडाने उच्चारता येण्यासारखं नव्हतं. नानासाहेब बाईंकडे बघत राहिले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, नजरेत राग नाही, विनवणी नाही. नकाशापुढे उभ्या केलेल्या मुलाकडे बघायच्या तशा, बोट कुठे पडतं याची वाट बघत.

“काही राहिलं न्हाई,” नानासाहेब म्हणाले.

त्या दिवशी त्या खोलीत उच्चारलेलं ते पहिलं ‘नाही’.

शेषाबाई दारात होत्या. त्यांनी टाळी वाजवली आणि लगेच पदराने तोंड झाकलं. मग टाळ्या थांबेनात. जाधव सरांनी सुटकेचा असा श्वास सोडला की ते जन्मभर याचीच वाट बघत असावेत. बाईंनी हार काढून टेबलावर ठेवला. “सातवीची भूगोलाची पुस्तकं अजून आली न्हाईत,” त्या म्हणाल्या. “आधी त्याचं बघू.”

मुख्याध्यापक म्हणून पहिली बैठक त्यांनी शाळेच्या कार्यालयात बोलावली, नानासाहेबांना अगत्याने निमंत्रण देऊन. चहा आला. सगळ्यांना कागदी कपात, नानासाहेबांसकट. त्यांनी कप हातात फिरवून पाहिला.

“कपबशा न्हाईत का शाळेत?”

“हाईत. पण कुणाला कशात द्यायचा, हा घोळ नको म्हणून सगळ्यांना एकच केलं.”

नानासाहेबांनी चहा घेतला. पुढच्या बैठकीला त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा बाईंना कपबशी आली. परतताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांचा आवाज अगदीच बेसूर होता, हे मला तेव्हा कळलं.

पालकसभा रविवारी सकाळी घेऊ लागलो. सगळेच सतरंजीवर, आम्हीही. मार्क एकेका पालकाला बाजूला घेऊन सांगायचे. पहिल्या सभेला सतरंज्या पुरल्या नाहीत आणि शेजारच्या मंगल कार्यालयातून आणाव्या लागल्या. बाई सभेत कुणालाही होय-नाहीचा प्रश्न विचारत नसत, आणि आम्हाला विचारू देत नसत. “समजलं का?” असं मी वर्गात विचारलं आणि त्या दारावरून जात असल्या तर बुटांचा आवाज न करता थांबायच्या आणि म्हणायच्या, “बाई, काय समजलं ते विचारा.” आजही ‘समजलं का’ माझ्या ओठांवर येतं आणि मी दाराकडे बघते.

त्या पूर्ण मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाल्या. निरोप समारंभ मोठा झाला, त्याबद्दल लिहीत नाही. समारंभ सगळे सारखेच असतात. नंतर बीडच्या त्याच अभ्यासकेंद्राने त्यांना प्रबंध लिहिणाऱ्या शिक्षकांना मार्गदर्शन करायला बोलावलं, आणि शनिवारी सकाळी त्या एसटीने जाऊ लागल्या. आजार नंतर आला, तो झपाट्याने आला. दवाखान्यात मी त्यांना दोनदा भेटले. पण ते भेटणं मी धरत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, एका शनिवारी.

सकाळची शाळा होती. मुलं मैदानात रांगेत होती, जाधव सर समोर, मी नववीच्या रांगेच्या टोकाला. गावातून आलेली बीडची गाडी शाळेच्या थांब्यावर थांबली, दोन मुलं उतरून पळत रांगेत शिरली, आणि तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सावधान स्थितीत मान वळवता येत नाही. पण नजरेच्या कडेला गाडी दिसत होती. पुढून दुसऱ्या खिडकीत बाई बसल्या होत्या. मग त्या उभ्या राहिल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली. मग तिच्या शेजारचा माणूस, मग बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेली माणसं पिशव्या खाली ठेवून, एकेक करून. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही उठला. रस्त्यावर अचानक शांत झालं आणि मुलांचे आवाज दूरवर जाऊ लागले.

शेवटच्या ओळीपर्यंत ती सगळी गाडी उभी होती. मग कंडक्टरची घंटी दोनदा वाजली, गाडी हलली, आणि सगळे बसले. बाई सगळ्यांत शेवटी बसल्या.